रीलच्या अ‍ॅपकडून आपली माहिती मागवून घेताना

व्हिडिओचं अ‍ॅप आपली कोणकोणती माहिती ठेवतं, हे कळायचे मार्ग दोन. कंपनीचं धोरण वाचायचं, किंवा आपल्याच खात्याचा एक्सपोर्ट, म्हणजे कंपनीकडं साठलेल्या आपल्या माहितीची प्रत, मागवून ती झिप (अनेक फाइली एकत्र बांधलेली) फाइल उघडायची. धोरणात ‘आम्ही गोळा करू शकतो’ अशी मोघम भाषा असते. झिपमध्ये तारीख, वेळ, फोनचं मॉडेल, दुकानाचं नाव असं सगळं नेमकं असतं. कोल्हापुरात राजारामपुरीत आम्ही लोकांना हे एक्सपोर्ट मागवून देतो आणि मुख्य म्हणजे वाचून देतो. येणाऱ्यांत रंकाळ्यावर नाहीतर पन्हाळ्यावर रील करणारी पोरं असतात, पापाच्या तिकटीचे चपलांचे दुकानदार असतात, पेठेतल्या फुटबॉल संघाचं पेज सांभाळणारे असतात आणि मुलांच्या फोनची धास्ती घेतलेले आईबापही. पुढची रीत प्रामुख्यानं इन्स्टाग्राम आणि यूट्यूबची आहे, कारण इथं बहुतेकांच्या फोनवर हीच दोन अ‍ॅप्स चालतात.

मागणी नोंदवायच्या आधी दोन गोष्टी तपासायच्या: पासवर्ड आणि ईमेल. निम्मं काम इथंच अडतं. मोबाईल घेतला तेव्हा दुकानातल्या पोरानं घाईघाईत जीमेल काढून दिलेलं असतं, त्याचा पासवर्ड ना दुकानदाराला आठवतो ना गिऱ्हाइकाला. एक्सपोर्ट तयार झाल्याची सूचना ईमेलवर येते, आणि फाइल उतरवताना खात्याचा पासवर्ड पुन्हा मागतात. नुसता ओटीपी टाकून आत शिरायची सवय असलेल्यांना इन्स्टाग्रामचा पासवर्ड आपण कधी ठेवला होता हेच माहीत नसतं. तो आधी बदलून कागदावर लिहून घ्या, टू-फॅक्टर (पासवर्डशिवाय आणखी एक कोड मागणारी सोय) चालू असेल तर बॅकअप कोड काढून ठेवा, मग पुढं चला.

इन्स्टाग्रामवर प्रोफाइलच्या वरच्या तीन रेघा दाबून ‘अकाउंट्स सेंटर’, तिथून ‘युवर इन्फर्मेशन अँड परमिशन्स’ आणि मग ‘एक्सपोर्ट युवर इन्फर्मेशन’. जुन्या आवृत्तीत याच जागी ‘डाउनलोड’ असा शब्द दिसतो. अ‍ॅप मराठीत ठेवलं असेल तर शब्द वेगळे दिसतील, क्रम तोच. एकाच सेंटरला घरचं खातं, दुकानाचं खातं आणि फेसबुक अशी तिन्ही जोडलेली असतात, म्हणून कोणतं प्रोफाइल निवडलंय ते नीट बघा. दुकानाच्या पेजचा एक्सपोर्ट मागवलाय असं समजून माणूस थांबतो आणि हातात येतात घरच्या खात्यावरच्या भाचीच्या बारशाचे फोटो.

पुढच्या पडद्यावर चार निवडी असतात आणि चारही महत्त्वाच्या. तारखांची मुदत एका वर्षाची धरलेली दिसली तर ती ‘ऑल टाइम’ करा, नाहीतर जुनं काहीच येत नाही. फॉरमॅट ‘एचटीएमएल’ (ब्राउझरमध्ये पानासारखा उघडणारा) ठेवा, कारण पुढं सांगतो. मीडिया क्वालिटी ‘हाय’ ठेवली तर रोज रील टाकणाऱ्याची फाइल कित्येक जीबीची होते आणि मोबाईल डेटावर अर्ध्यात तुटते. म्हणून आमची पद्धत अशी: पहिल्या मागणीत फोटो-व्हिडिओ वगळायचे आणि बाकीचं सगळं घ्यायचं. ही फाइल सहसा काही एमबीत आटोपते. व्हिडिओंचा साठा हवाच असेल तर त्याची मागणी वेगळी, वायफायवर, लॅपटॉपवर. तयार झालेली फाइल चार दिवसच उपलब्ध असते. मागणी पूर्ण व्हायला कंपनी ३० दिवसांपर्यंतची मुदत सांगते. लहान फाइली कितीतरी आधी येतात, आणि गोंधळ होतो तो त्यामुळेच. महिनाभर वेळ आहे म्हणून माणूस ईमेल बघत नाही, तोवर चार दिवस उलटलेले असतात. मग मागणी पहिल्यापासून.

वाट बघण्याच्या वेळात फोनवरच्या परवानग्या तपासून घ्याव्यात. सेटिंग्जमध्ये अ‍ॅप्स, त्यात ते अ‍ॅप, त्यात ‘परमिशन्स’. लोकेशनला ‘व्हाइल यूजिंग द अ‍ॅप’ असलं तरी त्याखालचा ‘यूज प्रिसाइस लोकेशन’ वेगळा बंद करावा लागतो. ही सोय अँड्रॉइड १२ पासून आहे. अँड्रॉइड १४ मध्ये सगळी गॅलरी उघडी न करता निवडक फोटो-व्हिडिओच देता येतात. रील टाकण्यापुरती एवढी परवानगी पुरते, फक्त दर वेळी नवी क्लिप निवडून द्यावी लागते आणि पोरं दोन दिवसांत कंटाळून सगळं उघडं करून टाकतात. अँड्रॉइड १२ पासूनच ‘प्रायव्हसी डॅशबोर्ड’ आहे, त्यात कोणत्या अ‍ॅपनं कॅमेरा, माइक, लोकेशन कधी वापरलं ते वेळेसकट दिसतं. आयफोनवर याच कामाचा ‘अ‍ॅप प्रायव्हसी रिपोर्ट’ असतो, पण तो आधी चालू करून ठेवावा लागतो; चालू केल्याच्या आधीचं त्यात काही दिसत नाही. प्ले स्टोअरवर अ‍ॅपच्या पानावर ‘डेटा सेफ्टी’चा भाग दिसतो, त्यावर मात्र फार विसंबू नका. तिथली माहिती अ‍ॅप बनवणाऱ्यानंच भरलेली असते.

फाइल आली की ती लॅपटॉपवर उघडावी. फोनवर झिप सुटते, पण आतली एकमेकांना जोडलेली पानं धड उघडत नाहीत आणि मोठं पान आलं की ब्राउझर बसतो. झिपवर डबल क्लिक करून आतल्या आत फिरू नका. ‘एक्स्ट्रॅक्ट ऑल’ करून वेगळा फोल्डर काढा आणि त्यातल्या ‘स्टार्ट हिअर’ किंवा ‘इंडेक्स’ नावाच्या फाइलीपासून सुरुवात करा.

आता एचटीएमएलच का, ते. दुसरा पर्याय जेसनचा. तो संगणकाला वाचायला सोपा, पण मेटाच्या, म्हणजे इन्स्टाग्राम-फेसबुकच्या कंपनीच्या, जेसन एक्सपोर्टमध्ये देवनागरी अक्षरांचा चुराडा होतो. एक मराठी अक्षर यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत तीन बाइटचं असतं. या फाइलीत त्या तिन्ही बाइट तीन वेगळी लॅटिन अक्षरं समजून लिहिलेल्या असतात. मग ‘काय रं’ असा साधा मेसेज डोक्यावर टोप्या घातलेल्या रोमन अक्षरांच्या रांगेसारखा दिसतो. फाइल खराब आहे म्हणून लोक पुन्हा मागवतात, पुन्हा तेच येतं. जेसनच हवं असेल तर पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत मजकूर आधी लॅटिन-१ मध्ये एन्कोड करून लगेच यूटीएफ-८ मध्ये डीकोड करायचा. मराठी जशीच्या तशी परत येते. इमोजींचंही हेच.

जेसनमधली दुसरी अडचण वेळेची. तारीख ऐवजी १७१७२००००० असा दहा आकडी नंबर दिसतो. १ जानेवारी १९७० पासून किती सेकंद झाले त्याचा तो हिशोब, आणि तोही ग्रीनिचच्या वेळेचा. एक्सेलमध्ये त्याला ८६,४०० ने भागा, २५,५६९ मिळवा, भारतीय वेळेसाठी आणखी ०.२२९१७ मिळवा आणि रकान्याचा फॉरमॅट तारखेचा करा. वरचा नंबर १ जून २०२४, पहाटे साडेपाच असा निघतो. मेसेजच्या फाइलीत नंबर तेरा आकडी असतो, तो मिलिसेकंदांचा. त्याला आधी हजारानं भागून घ्या.

फोल्डर उघडल्यावर लोक आधी मेसेज आणि ‘कुणी अनफॉलो केलं’ याच्या मागं लागतात. ते असू दे. आम्ही सुरुवात लॉगिनच्या यादीपासून करतो. प्रत्येक लॉगिनला वेळ, आयपी अ‍ॅड्रेस (इंटरनेट जोडणीचा क्रमांक), भाषा आणि ‘यूजर एजंट’ नावाची एक लांबलचक ओळ असते. या ओळीत अ‍ॅपची आवृत्ती, अँड्रॉइडची आवृत्ती, स्क्रीनची लांबी-रुंदी पिक्सेलमध्ये, फोनची कंपनी आणि मॉडेल नंबर हे सगळं एका दमात लिहिलेलं असतं. फोन बदलला की ओळ बदलते, म्हणून तुम्ही कधी कोणता हँडसेट वापरत होता याचा इतिहास इथं आयता तयार असतो.

खातं हॅक झालंय अशी शंका घेऊन येणाऱ्यांची निम्मी शंका इथं फिटते. अ‍ॅपमध्ये लॉगिनची जागा मुंबई नाहीतर पुणे दिसते. माणूस तर शाहूपुरीच्या पुढं गेलेला नसतो. कारण साधं आहे: मोबाईल कंपनीचं इंटरनेट मोठ्या शहरातल्या गेटवेतून बाहेर पडतं आणि एकाच आयपीमागं हजारो ग्राहक असतात. आयपीवरून काढलेलं गाव म्हणजे त्या गेटवेचं गाव, तुमचं नव्हे. म्हणून गाव बघू नका, मॉडेल नंबर बघा. तुमच्या घरात कधीच नसलेल्या फोनचं मॉडेल दिसलं, तर खरी काळजी. मग आधी ‘व्हेअर यू आर लॉग्ड इन’मधून ते उपकरण बाहेर काढायचं, पासवर्ड बदलायचा, टू-फॅक्टर लावायचा. पैसे गेले असतील तर इथं फाइली चाळत न बसता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावायचा.

यानंतरचं फोल्डर जाहिरातींचं. सगळ्यात जास्त वेळ इथं द्यावा.

यात एक यादी अशी असते की कोणत्या जाहिरातदारांनी तुमची माहिती वापरली. नावांपुढं तीन रकाने असतात. पहिला सांगतो की जाहिरातदारानं स्वतःच्या ग्राहकांची यादी अपलोड केली आणि त्यात तुम्ही सापडलात. दुसरा सांगतो की तुम्ही त्याच्या वेबसाइटशी, अ‍ॅपशी किंवा पेजशी काही व्यवहार केला होता. तिसरा प्रत्यक्ष दुकानात येऊन गेल्याबद्दलचा. पहिला रकाना बघून लोक चक्रावतात, कारण त्या कंपनीच्या वेबसाइटवर ते कधी गेलेलेच नसतात. तिथं आम्ही एकच प्रश्न विचारतो: बिल करताना मोबाईल नंबर दिला होता का? कपड्याच्या शोरूमात, चष्म्याच्या दुकानात, क्लासच्या चौकशीत, फ्लॅट बघायला गेलेल्या साइटवर, सगळीकडं काउंटरवरची मुलगी आधी नंबर विचारते. ती यादी पुढं जाहिरातीसाठी अपलोड होते. अपलोड होताना नंबर जसाच्या तसा जात नाही, त्याचं हॅश म्हणजे गणिती ठसा काढून पाठवतात. पण अ‍ॅपकडं तुमचा नंबर आधीच आहे आणि त्याचाही तोच ठसा निघतो. दोन ठसे जुळले की ओळख पटली. त्यामुळं ‘आम्ही नंबर कुणाला देत नाही’ हे शोरूमवाल्याचं बोलणं अक्षरशः खोटं ठरत नाही, आणि तुम्ही त्या यादीत येता तेही खरंच.

याला जोडून दुसरी फाइल: मेटाच्या बाहेरच्या तुमच्या हालचालींची. इतर वेबसाइटी आणि अ‍ॅप्स यांत मेटानं दिलेला छोटा कोड बसवलेला असतो. तुम्ही तिथं काही केलं की एक नोंद मेटाकडं जाते: कुणाकडून आली, तारीख आणि वेळ, आणि कृतीचा प्रकार. प्रकार ठरलेले: पान बघितलं, वस्तू बघितली, शोध घेतला, कार्टमध्ये टाकलं, खरेदी केली. काही ‘कस्टम’ असतात, म्हणजे त्या वेबसाइटनं स्वतः ठरवलेले, आणि त्यात नेमकं काय गेलं ते फाइलीवरून समजत नाही. खेळाचं अ‍ॅप, कर्जाचं अ‍ॅप, औषधं मागवायचं अ‍ॅप, बातम्यांची साइट अशी सगळी मिसळ एका रांगेत दिसते. मोबाईलवरच्या लहानसहान गेमसुद्धा ‘अ‍ॅप उघडलं’ एवढी नोंद दर वेळी पाठवतात, म्हणून मुलांच्या हातात असलेल्या फोनची ही फाइल सगळ्यात लांब निघते.

‘फोन आमचं बोलणं ऐकतो’ अशी तक्रार घेऊन आलेल्यांना आम्ही हीच फाइल दाखवतो. गोव्याला जायचं असं घरात बोलणं झालं आणि लगेच हॉटेलांच्या जाहिराती सुरू झाल्या, म्हणजे माइक चालू असणार, हा समज कोल्हापुरात फार पक्का आहे. नोंदी तारखेनं लावल्या की घरातल्या कुणीतरी त्याच वायफायवर खोल्यांचे दर बघितलेले सापडतात, नाहीतर बसचं तिकीट शोधलेलं. डॅशबोर्डमध्ये त्या वेळी माइक वापरल्याची नोंद नसते. ऐकण्याची गरजच पडू नये इतकी माहिती दुसऱ्या वाटेनं गेलेली असते, आणि आमच्या मते काळजीची बाब हीच जास्त आहे.

बाहेरच्या हालचालींची फाइल बघून झाली की तिथल्या तिथं तोडायची सोयही आहे. अकाउंट्स सेंटर, ‘युवर इन्फर्मेशन अँड परमिशन्स’, ‘युवर अ‍ॅक्टिव्हिटी ऑफ मेटा टेक्नॉलॉजीज’. तिथं मागचं साफ करायचं बटण वेगळं आणि पुढचं तोडायचं वेगळं. लोक पहिलं दाबून थांबतात आणि यादी पुन्हा भरायला लागते. ‘मॅनेज फ्युचर अ‍ॅक्टिव्हिटी’मध्ये जाऊन ‘डिस्कनेक्ट’ करणं हे खरं काम. त्यानंही नोंदी यायच्या थांबत नाहीत. त्या फक्त तुमच्या खात्याला जोडल्या जात नाहीत. शिवाय फेसबुकवरून लॉगिन करत असलेली अ‍ॅप्स यात बंद पडू शकतात, तेव्हा आधी त्यांचे पासवर्ड वेगळे करून घ्या. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये गूगल, त्यात ‘अ‍ॅड्स’, तिथं ‘डिलीट अ‍ॅडव्हर्टायझिंग आयडी’ हेही याच वेळी दाबून टाकावं. वेगवेगळ्या अ‍ॅप्सना एकच फोन ओळखू येतो तो बऱ्याच अंशी या आयडीमुळं.

अपलोड केलेल्या रीलच्या फाइलीत व्हिडिओशिवाय त्याची टिपणं असतात: कधी अपलोड केला, काही वेळा कोणत्या उपकरणावरून, आणि कॅमेऱ्यानं क्लिपमध्ये जागा नोंदवलेली असेल तर कधी अक्षांश-रेखांशही. पोस्टवर लोकेशन टाकलं नाही म्हणजे ते गेलंच नाही असं धरून चालू नका. चपलेच्या दुकानाला याचं काही नाही, त्याचा पत्ता पाटीवरच आहे. पण घराच्या गच्चीवर रील करणाऱ्या मुलीच्या बाबतीत हे दोन आकडे म्हणजे घराचा पत्ता. फोनच्या कॅमेरा अ‍ॅपमध्ये ‘लोकेशन टॅग’ बंद ठेवणं हा यावरचा सोपा उपाय. तो पुढच्या क्लिपांना लागू होतो, जुन्यांना नाही.

यूट्यूबची रीत वेगळी. गूगल टेकआउटच्या (गूगलकडून आपली माहिती मागवायची सोय) पानावर आधी ‘डिसिलेक्ट ऑल’, नाहीतर ईमेल, फोटो, ड्राइव्ह सगळं गोळा होऊन येतं. मग तळाशी जाऊन फक्त यूट्यूब निवडा, आणि त्याखाली ‘ऑल यूट्यूब डेटा इन्क्लूडेड’ दाबून ‘व्हिडिओज’वरची खूण काढा, नाहीतर चॅनलवर टाकलेला प्रत्येक व्हिडिओ परत तुमच्याकडंच उतरतो. दुकानाचं किंवा तालमीचं चॅनल ‘ब्रँड अकाउंट’वर असेल तर टेकआउटमध्ये शिरताना खातं बदलून ते निवडावं लागतं. वैयक्तिक खात्यातून मागवलं तर चॅनलची जागा रिकामी येते आणि माहिती नाहीच असं वाटतं. लिंक आठवडाभर चालते. सबस्क्रिप्शन आणि कमेंटच्या फाइली सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेला साधा मजकूर) असतात. थेट एक्सेलमध्ये उघडल्या तर मराठीची वाट लागते, म्हणून एक्सेलच्या ‘डेटा’ टॅबमधून ‘फ्रॉम टेक्स्ट’ घेऊन ‘६५००१ यूटीएफ-८’ निवडायचं, किंवा सरळ गूगल शीट्समध्ये उघडायचं.

‘वॉच हिस्टरी’ ही यातली सगळ्यात जाड फाइल. प्रत्येक व्हिडिओचं नाव, चॅनल आणि वेळ त्यात आहे. ‘फ्रॉम गूगल अ‍ॅड्स’ असं लिहिलेल्या नोंदी जाहिरातींच्या. त्या तुम्ही निवडून बघितलेल्या नसतात, म्हणून मुलाची फाइल बघताना पालकांनी त्यावरून निष्कर्ष काढू नये. वेळेचे आकडे एका रकान्यात घेऊन तासांप्रमाणं मोजले की घर रात्री किती वाजता झोपतं हे सरळ दिसतं. इतकं सगळं असूनही त्यात एक गोष्ट नाही: तो व्हिडिओ किती सेकंद बघितला.

मोजलं जातं आणि फाइलीत येत नाही, अशातली ही सगळ्यात मोठी गोष्ट. रीलवर किती वेळ थांबलात, कुठं बोट वर सरकवलं, पुन्हा बघितलं का, आवाज बंद होता का, याच हिशोबावर पुढची रील ठरते. लाइक न करता, कमेंट न करता नुसतं बघत बसणाऱ्याला वाटतं की आपण काहीच दिलेलं नाही. प्रत्यक्षात त्याच्याबद्दल कळतं ते थांबण्यावरूनच. इन्स्टाग्रामच्या फाइलीत बघितलेल्या व्हिडिओंची यादी असते, पण अलीकडच्या थोड्या दिवसांची, आणि तीही सेकंदांशिवाय. ‘युवर टॉपिक्स’मध्ये तुमच्या नावावर धरलेले विषय दिसतात: कुस्ती, सोन्याचे दागिने, बुलेट. ते कशावरून धरले ते दिसत नाही. दुसऱ्या कुणी आपली संपर्कयादी अपलोड केली आणि त्यात तुमचा नंबर असला, तर तेही तुमच्या एक्सपोर्टमध्ये यायचं नाही. तुमच्या फोनची यादी जात असेल तर ती मात्र थांबवता येते: अकाउंट्स सेंटरमध्येच ‘अपलोड कॉन्टॅक्ट्स’ बंद करायचं.

धोरण वाचायचं ते अशा न दिसणाऱ्या भागासाठी. टिकटॉकचं धोरण या बाबतीत वाचण्यासारखं आहे, कारण त्यात गोष्टी नाव घेऊन लिहिल्या आहेत. व्हिडिओ तयार करताना किंवा आत घेतानाच तो आधी चढवून घेतला जातो, मग तुम्ही तो पोस्ट करा किंवा टाकून द्या. टाइप करण्याचा ताल नोंदवण्याचा उल्लेख आहे. जून २०२१ मध्ये अमेरिकेसाठीच्या धोरणात चेहऱ्याचा आणि आवाजाचा ठसा घेण्याची मुभा घातली गेली. भारतात टिकटॉक २९ जून २०२० ला आणखी ५८ अ‍ॅप्सबरोबर बंद झालं. तेव्हा खातं असलेल्यांनी ध्यानात घ्यावं की अ‍ॅप बंद होणं किंवा फोनवरून काढून टाकणं म्हणजे खातं डिलीट होणं नव्हे. इतर कोणत्याही अ‍ॅपचं धोरण उघडलंत तर पहिल्यापासून वाचत बसू नका. ‘आपोआप गोळा होणारी माहिती’ आणि ‘इतरांकडून मिळणारी माहिती’ हे दोन भाग शोधून तेवढेच वाचा.

एक विनंती आमच्याकडं वारंवार येते आणि ती आम्ही घेत नाही: नवऱ्याच्या, बायकोच्या किंवा होणाऱ्या जावयाच्या खात्याचा एक्सपोर्ट काढून द्या. पासवर्ड माहीत असला तरी नाही. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीनं वापरण्याला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-सी खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. त्यातून एक्सपोर्टमध्ये समोरच्या माणसांचे मेसेजही पूर्ण येतात, ज्यांचा या भांडणाशी काही संबंध नसतो.

यावरूनच झिप कुठं ठेवायची हा मुद्दा येतो. कॉलेजच्या लॅबमध्ये, सायबर कॅफेत, झेरॉक्सच्या दुकानातल्या पीसीवर ही फाइल उघडू नये. तिथं उघडावीच लागली तर झिप एका जागी असते आणि सुटलेला फोल्डर दुसऱ्या जागी, दोन्ही पुसायचे आणि रिसायकल बिनही रिकामं करायचं. व्हॉट्सअ‍ॅपवरून स्वतःलाच पाठवली तर तिची एक प्रत फोनच्या डॉक्युमेंट फोल्डरमध्ये राहते. फोनवरच्या ‘फाइल्स’ अ‍ॅपमधून पुसलेलं ३० दिवस ट्रॅशमध्ये असतं. कायमची ठेवायची असेल तर पासवर्ड लावून पेनड्राइव्हवर ठेवा. ऑनलाइन ड्राइव्हवर टाकली तर एका कंपनीची माहिती दुसऱ्या कंपनीकडं सोपवल्यासारखं होतं.

खातंच बंद करायचं असेल तर ‘डीअ‍ॅक्टिव्हेट’ आणि ‘डिलीट’ यांत गल्लत करू नका. पहिल्यात खातं फक्त लपतं. इन्स्टाग्रामवर डिलीट केल्यावर ३० दिवस परत यायची मुभा असते, आणि त्या दिवसांत एकदा जरी लॉगिन केलं तरी डिलीट रद्द होऊ शकतं. सर्व्हरवरून सगळं पुसायला ९० दिवसांपर्यंत लागू शकतात. एक्सपोर्ट आधी, डिलीट नंतर. उलट केलं तर काही हाती लागत नाही.

कायद्याची बाजू हळूहळू उभी राहते आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, आणि लोकांच्या हक्कांची मुख्य कलमं त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू व्हायची आहेत. कलम ११ प्रमाणं आपल्या माहितीचा गोषवारा आणि ती आणखी कुणाकुणाला दिली त्यांची नावं मागता येतील. कलम १२ दुरुस्ती आणि पुसण्याचं. कलम ९ मध्ये १८ वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची पडताळलेली संमती लागते, आणि त्यांच्या हालचालींवर पाळत ठेवून जाहिराती दाखवायला मनाई आहे. मुलाचं वय वाढवून खातं काढून देणारे पालक ही मनाई स्वतःच निकामी करून टाकतात. खात्यावर वय २१ लिहिलं असेल तर अ‍ॅपच्या लेखी तो मूल नाहीच.

तोवर एक्सपोर्टमध्ये न आलेलं मागायचं तर अ‍ॅपच्या तक्रार अधिकाऱ्याकडं जायचं. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांप्रमाणं मोठ्या अ‍ॅप्सना भारतात तो नेमून त्याचा पत्ता जाहीर करावा लागतो. अर्जात ‘माझी सगळी माहिती द्या’ असं लिहू नका. त्याला ‘एक्सपोर्ट वापरा’ असं ठराविक उत्तर येतं. एक्सपोर्ट कोणत्या तारखेला मागवला, त्यात कोणती फाइल रिकामी किंवा अपुरी आहे, कोणत्या कालावधीची नोंद हवी आणि कोणत्या जाहिरातदारानं तुमचा नंबर कुठून आणला हे जाणून घ्यायचंय, असं मुद्देसूद लिहा. सोबत त्या पानाचा स्क्रीनशॉट जोडा आणि मिळालेला तक्रार क्रमांक जपून ठेवा. शोरूमच्या यादीतून नाव काढायचं असेल तर मात्र अ‍ॅपला लिहून उपयोग नाही. ती यादी शोरूमची, तिथंच लेखी द्यायचं. आणि पुढच्या वेळी बिलाच्या काउंटरवर नंबर विचारला, तर तो न देताही बिल मिळतं.